स्वस्त ग्लो प्लग आणि वाळणारा ऊस



ऊस विकास विभागाने इंजिनाच्या सुट्या भागावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. हा विषय वर्कशॉपचा, असेही कोणी म्हणेल. पण डिसेंबर-जानेवारीत अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर पहाटेची थंडी पडते, गाडी फडातच अडून बसते आणि वाळत राहतो तो सभासदाचा ऊस. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. उशीर झाला की वजन घटते, उसातल्या साखरेचे विघटन सुरू होते आणि उतारा खाली येतो. वजनाचा तोटा त्या एका शेतकऱ्याचा, उताऱ्याचा तोटा आपल्या सर्वांचा. वाहनमालकाने प्लगमध्ये वाचवलेले पैसे असे दुसऱ्याच्या खिशातून जातात. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की जुन्या डिझेल गाडीत कोणता ग्लो प्लग बसवायचा, हा एकट्या गाडीवाल्याचा घरगुती प्रश्न नव्हे.

ग्लो प्लग म्हणजे मिस्त्री ज्याला हीटर म्हणतात तो. सर्वच डिझेल गाड्यांना तो नसतो. टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या पहिल्या ट्रकांच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कक्षात पेटत असे. थंड इंजिनात त्या कक्षाच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून तिथे तापते टोक द्यावे लागे. पुढे पिस्टनच्या माथ्यावर थेट डिझेल फवारणारी इंजिने आली, आणि आज ऊस ओढणाऱ्या बहुतेक मोठ्या ट्रकांत ग्लो प्लग सापडणार नाही. पण मर्सिडीजच्या परवान्याचे ओएम ६१६ इंजिन असलेले मॅटाडोर, ट्रॅक्स आणि छोट्या कक्षाच्या इंजिनाच्या इतर जुन्या गाड्या यांना तो लागतोच. बेणे, मजूर, डिझेल नेणारी अशी गाडी अडली, की टोळी उशिरा पोचते आणि फडात मोठा ट्रक ताटकळतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या इंजिनाला प्लग आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, गाडी पहाटे सुरू झाली नाही म्हणून लगेच प्लगला दोष देऊ नये. तापल्यावर एकेक पेन्सिल प्लग साधारण १० अँपिअर करंट खातो. चार प्लग म्हटले की ४० झाले. बॅटरी थकलेली, रिले चिकटलेला किंवा अर्थची वायर गंजलेली असेल, तर नवे प्लगही कोमटच राहणार. रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेले असेल, तर उत्तम प्लगही काही करू शकत नाही. तपासणी सोपी आहे. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावावे. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. मात्र ही रीत पेन्सिल प्लगची. जुन्या उघड्या तारेच्या प्लगांची जोडणी एकामागून एक असते. त्यातला एक तुटला की सगळेच गार पडतात.

आता निवडीचे. व्होल्टेज जुळलेच पाहिजे. २४ व्होल्टच्या गाडीत १२ चा प्लग घातला तर तो लगेच जळतो, आणि १२ च्या गाडीत २४ चा घातला तर नुसता ऊबदार होतो. लांबी, आटे आणि बसण्याची जागा जुन्या प्लगशेजारी धरून मोजावी. टोक जादा लांब असेल तर आत अडते. तापण्याचा वेळही जुळावा. जुनी सावकाश तापणारी जात पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त घेते. झटपट तापणारा प्लग जुन्या हातस्विचवर तेवढा वेळ दाबून ठेवला, तर त्याचे टोक फुगते आणि मग हेडमधून निघता निघत नाही. म्हणून एकेक न बदलता पूर्ण संच बदलावा, एकाच कंपनीचा आणि एकाच नंबरचा. अंगावर नंबर व व्होल्टेज कोरलेले नसेल, तर तो प्लग फुकटही घेऊ नये. काढलेल्या प्लगचे टोक जळलेले दिसले, तर दोष बहुधा नोझलचा असतो. फवारा बिघडलेला ठेवून नवा प्लग बसवणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे. प्लग काढायचा तो कोमट इंजिनावर, आट्यांत तेल सोडून, आणि बसवताना लांब दांड्याच्या पान्याने आवळायचा नाही.

काही वाहनमालक म्हणतात, ‘थंडी दोन महिन्यांची, तेवढे ढकलून भागते.’ हे आम्हाला मुळीच मान्य नाही. अजिंठ्याहून फर्दापूरकडे उतरणारा घाट सर्वांना ठाऊक आहे. उतारावर चाकाखाली दगड लावून गाडी उभी करायची आणि पहाटे दगड काढून गडगडत चालू करायची, म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद असताना ब्रेकला लागणारी हवा किंवा व्हॅक्युम तयार होत नाही. कोणी पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरतात, आणि शेजारी वाळके पाचट पसरलेले असते! कोणी ईथरचा फवारा मारतात. तापलेल्या ग्लो प्लगवर ईथर गेला, तर स्फोट होऊन इंजिन फुटू शकते. ड्रायव्हर हा कुणाचा तरी कर्ता मुलगा असतो, हे मालकाने विसरू नये.

आमची सूचना अशी. वाहतूक करार करतानाच, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, जुन्या गाड्यांचे प्लग, बॅटरी आणि नोझल यांची तपासणी व्हावी. खात्रीच्या प्लगांचे संच कारखान्याच्या स्टोअरमध्ये ठेवावेत आणि त्यांची किंमत वाहतुकीच्या बिलातून हप्त्याने वळती करावी. गरीब वाहनमालकावर एकदम बोजा पडणार नाही आणि बनावट मालही आपोआप बाजूला पडेल. कारखान्याने पैसे गुंतवावेत का, असा प्रश्न कोणी विचारील. फडात वाळणाऱ्या उसात सभासदाचे वर्षभराचे पैसे आधीच गुंतलेले आहेत, एवढेच त्याला आमचे उत्तर आहे.

सभासदांनी हा विषय गटसभेत जरूर काढावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी