गाणी नकोत, उत्तर बरोबर हवं

तंत्रनिकेतनाचं नवं वर्ष सुरू झालं की माझ्या टेबलावर हमखास असा एखादा कॅल्क्युलेटर येतो. त्यात टॉर्च असतो, एफएम रेडिओ असतो, गाण्यांसाठी मेमरी कार्डाची खाच असते आणि प्रत्येक बटणाला वेगळा सूर असतो. वर ठळक अक्षरांत ‘४०१ फंक्शन्स’ छापलेलं असतं. कंपनीचं नाव ओळखीचं वाटतं, पण नीट पाहिलं तर त्यातलं एक अक्षर वेगळं असतं. किंमत अडीचशे-तीनशे रुपये. खरा घ्यायचा तर हजाराच्या आसपास जातात. ज्या मुलाचे वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात त्याने अडीचशेचा उचलला, तर मी त्याला बोल लावणार नाही. माझा राग आहे तो सायंटिफिक म्हणून ही वस्तू त्याच्या हातात ठेवणाऱ्यांवर.

मी सर्वेक्षण शिकवते. आमचं सगळं गणित अंश, मिनिटं आणि सेकंदांत चालतं. ट्रॅव्हर्समधल्या प्रत्येक रेषेच्या लांबीला बेअरिंगच्या कोसाइनने गुणलं की लॅटिट्यूड मिळतो, साइनने गुणलं की डिपार्चर. फिरून मूळ ठिकाणी आलो, तर दोन्हींची बेरीज शून्याजवळ यायला हवी. गेल्या सत्रात एका मुलीची ती येईना. तिने तक्ता पुन्हा मांडला, मग तिच्या गटाने थिओडोलाइट उचलून मैदानात जाऊन कोन नव्याने घेतले. तरी बेरीज जुळेना. ‘मॅडम, मला गणित जमतच नाही,’ असं म्हणत ती वही घेऊन आली.

चूक तिची नव्हती. तिच्या कॅल्क्युलेटरवर अंश-मिनिटांचं बटण होतं, पण आतली चिप ते मानतच नव्हती. ६२ अंश ३० मिनिटं भरली की यंत्र ती ६२.३० अंश समजायचं. खरी किंमत ६२.५. दोन्हींच्या कोसाइनमध्ये फरक पडतो ०.००३१, म्हणजे शंभर मीटरच्या रेषेमागे ३१ सेंटिमीटर. एवढ्या चुकीवर शेताच्या बांधाची भांडणं कोर्टात जातात. त्या यंत्रावर गाणी मात्र स्वच्छ वाजत होती.

खरा-खोटा ओळखायची एक जुनी कसोटी आहे. यंत्र डिग्रीवर ठेवायचं, ९ चा साइन घ्यायचा, आलेल्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन. मग त्याच वाटेने उलट यायचं: आधी टॅन इन्व्हर्स, नंतर कोसाइन इन्व्हर्स, शेवटी साइन इन्व्हर्स. पुन्हा ९ यायला हवेत. अवघड पायरी मधली आहे. ९ चा साइन ०.१५६४, आणि इतक्या लहान कोनाचा कोसाइन ०.९९९९९६२७. कामाचे सगळे आकडे त्या नवांच्या रांगेमागे जातात. पडद्यावर दिसतात त्याहून जास्त अंक चांगलं यंत्र आत सांभाळतं, म्हणून ते ९ पर्यंत, निदान ९ च्या अगदी जवळ परत येतं. ज्याच्या आत तेवढे अंकच नाहीत ते भरकटतं. दुकानात उभ्या उभ्या ही परीक्षा करता येते. सौरपट्टीही नखाने चाचपून पाहा, कारण कित्येक नकली यंत्रांवर तिथे नुसता काळपट प्लास्टिकचा तुकडा चिकटवलेला असतो.

चूक नावाजलेल्या कंपनीकडूनही होते. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आणला. त्यावर २.०२ चा नॅचरल लॉग घेऊन तो पुन्हा उलटवला की उत्तर २ येत असे. दोष कळल्यावर कंपनीने तो ग्राहकांना कळवला आणि यंत्र बदलून द्यायची तयारी दाखवली. आमच्या मुलीने कुणाला कळवायचं? खोक्यावर ना पत्ता, ना धड नाव. दुकानदार म्हणतो, चालू आहे ना, मग झालं.

परीक्षेत तर याहून वाईट होतं. तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट सूचना असते: प्रोग्रॅम न करता येणारा पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल, मोबाइल किंवा संपर्काचं कोणतंही उपकरण चालणार नाही. मेमरी कार्डाची खाच आणि रेडिओची तार दिसली की पर्यवेक्षक ते यंत्र काढून घेतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तो मुलगा मग तीन तास हाताने साइन-कोसाइन काढणार कसा?

माझं मागणं फार मोठं नाही. मंडळाने चालणाऱ्या मॉडेलांची यादी प्रवेशाच्या वेळीच द्यावी. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स राज्य आपल्या शालान्त परीक्षेसाठी अशी यादी काढतं. प्रत्येक विभागाने पहिल्याच आठवड्यात मुलांची यंत्रं तपासावीत. कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानदारांनी हा माल विकायचाच असेल तर खेळण्यांच्या रांगेत ठेवावा. आईवडिलांना सांगणं एवढंच की पैसे कमी असतील तर वरच्या वर्गातल्या मुलाकडून वापरलेला, पण अस्सल कॅल्क्युलेटर घ्या. साध्यातलं साधं अस्सल मॉडेलही डिप्लोमाची तीन वर्षं निभावून नेतं.

आणि ग्रंथालयांनी बुक बँकेतून पुस्तकांसोबत कॅल्क्युलेटरही द्यायला सुरुवात करावी. यंदा तिसऱ्या वर्षातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, तुमचा अस्सल कॅल्क्युलेटर पुढे लागणार नसेल, तर निकालाची प्रत न्यायला याल तेव्हा तो ग्रंथालयात जमा करून जा.