इमामसाहेबांना मागे ठेवलं नाही



गेल्या महिन्यात नववीच्या वर्गाला ‘डंकर्क’ हा २०१७ चा सिनेमा दाखवला. संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यात आपलं कुणीच नव्हतं का?"

सिनेमात कुणी दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र होते, आणि ते आपल्या मुंबई बंदरातून गेले होते.

दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. इंग्रजी फौज मोटारगाड्यांवर आली होती, पण फ्रान्समधल्या चिखलाच्या आणि बर्फाच्या रस्त्यांवर खेचरांशिवाय भागेना. म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये हिंदुस्थानी लष्कराच्या खेचर-वाहतुकीच्या चार तुकड्या पाठवल्या गेल्या. २६ डिसेंबरला त्या मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान होते.

मे १९४० मध्ये जर्मनांनी अशी मुसंडी मारली की लाखो सैनिक डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकले. मागे शत्रू, पुढे समुद्र. आणि किनारा उथळ! अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे होडीने गेलेल्यांना हे सांगायला नको. ओहोटीला होडी अलीकडेच थांबते आणि कपडे वर धरून पाण्यात उतरावं लागतं. तिथे तर मोठ्या युद्धनौका होत्या. त्यामुळे लहान होड्यांनी माणसं नौकांपर्यंत पोहोचवली, पण दोन-तृतीयांशांहून जास्त सैनिक बंदराच्या लांब बांधावरून चढले. तो लाटा अडवण्यासाठी बांधलेला होता, जहाजं लावण्यासाठी नव्हे.

वरून जर्मनांची ‘स्टुका’ विमानं भोंगा वाजवत सूर मारत आणि बॉम्ब टाकत. त्यांना अडवायला ‘स्पिटफायर’ आणि ‘हरिकेन’ ही इंग्रजी लढाऊ विमानं इंग्लंडहून खाडी ओलांडून येत. पण इंधन मोजकं, त्यामुळे तिथे फार वेळ थांबता येत नसे. शिवाय पुष्कळ लढाई ढगांवर किंवा किनाऱ्यापासून आत होई. खालचे सैनिक चिडून विचारत, आपली विमानं आहेत तरी कुठे? जी मदत दिसत नाही, ती नाहीच असं माणसाला वाटतं.

२८ मे रोजी मेजर मोहम्मद अकबर खान सुमारे तीनशे हिंदुस्थानी जवानांना घेऊन त्या बांधाकडे निघाले. जिवापाड सांभाळलेली खेचरं फ्रान्समध्येच सोडावी लागली होती. पण जवानांनी एक ओझं सोडलं नाही. त्यांचे इमामसाहेब अपंग होते. बॉम्बच्या वर्षावात, जिथे प्रत्येकाला आपलाच जीव जड झाला होता, तिथे जवानांनी त्यांना उचलून आणलं. रात्रीच्या अंधारात सगळे जहाजावर चढले. डोव्हरला पोहोचल्यावर त्यांनी पितळी ताटं मागून घेतली, ती वाजवत पंजाबी गाणी म्हटली, आणि इंग्रज बघेही त्यात सामील झाले.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. दुसऱ्या आघाडीवर असलेली बाविसावी तुकडी जर्मनांच्या कैदेत गेली.

४ जूनपर्यंत डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक सुटले. त्या आकड्यात आपले तीनशे हरवून गेले. इंग्रजांच्या आठवणीत ते राहिले नाहीत. फाळणीनंतर त्यांची बहुतेक गावं सरहद्दीपलीकडे गेली, तेव्हा इकडेही त्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नाही.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा त्याच मुलाने पुन्हा विचारलं, "सर, इमामसाहेबांना सोडून गेले असते तर लवकर पोहोचले असते ना?"

मी म्हटलं, "पोहोचले असते, बेटा. पण मग त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काय उरलं असतं?"

आपल्या घरांतही एखादी आजारी दादी, एखादा थकलेला चाचा असतो. लग्नाला जाताना, घर बदलताना, हळूच कुणीतरी म्हणतं, "त्यांना कशाला त्रास?" त्या वेळी हे तीनशे जण आठवावेत.

आणि मुलांना एक घरपाठ. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले बुजुर्ग त्याच युद्धात जहाजांवर खलाशी होते. ट्रंकेत जुने कागद असतील, दादींना काही नावं आठवत असतील. विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आपण लिहिलं नाही, तर आपलं कुणी सिनेमात तरी कसं दिसणार?