कमाटी बागेतील संध्याकाळ

ज्या गावी मित्राचे घर आहे तेथे जाऊन हॉटेलात उतरणे, हा आमच्या मते मैत्रीचा अपमानच होय. गेल्या महिन्यात इंदूरहून बडोद्यास जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही "येतो आहे" एवढेच मित्रास कळविले. उत्तर आले, "ये. उतरू कुठे असे विचारलेस तर याद राख!" १९७१ ते १९७५ ही चार वर्षे सयाजीराव विद्यापीठात या गृहस्थांच्या शेजारी बसून काढलेली, तेव्हा ही भाषा आमच्या परिचयाचीच. काम असे काहीच नव्हते. हाती एक सबंध दिवस, आणि परतीची गाडी मध्यरात्रीची.

मित्राचे घर कारेलीबागेत. बैठकीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक फिकट रेघ दिसली. ऑगस्ट २०२४ च्या पुराची ती खूण. विश्वामित्रीच्या पाण्याबरोबर तिच्यातील मगरीही तेव्हा वस्तीत शिरल्या होत्या. "रंग देऊ म्हणतो आणि राहून जाते," मित्र म्हणाला. एवढ्यात नातू धावत आला : "आजोबा, माझी चोपडी कुठे मुकली?" आम्ही दचकलोच. मराठीत मुकणे म्हणजे गमावणे. पण गुजरातीतील मूकवुं म्हणजे ठेवणे, आणि पोराला आपली वही कुठे ठेवली एवढेच हवे होते. वहिनी हसून म्हणाल्या, "आमच्याकडे असेच चालायचे, भाऊजी." आमच्या इंदूरच्या मराठीत हिंदी किती मुरली आहे हे ठाऊक असल्याने आम्ही न्यायाधीशाची खुर्ची घेतली नाही.

चहा घेऊन बाहेर पडलो. रावपुऱ्यात तांबेकर वाडा अद्याप उभा आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते; त्यांच्या वाड्यातील भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारत यांच्या शेजारी मराठे-इंग्रजांच्या लढाईचीही चित्रे आहेत. विद्यार्थिदशेत आम्ही यावरून रोज जात असू आणि आत एकदाही गेलो नव्हतो. सुरसागराच्या मध्यभागी आता महादेवाची उत्तुंग मूर्ती आहे. आमच्या वेळी तेथे नुसते पाणी होते आणि तेच बरे दिसे, असे आमचे म्हातारे मत. पुढे सेव उसळीच्या गाडीपाशी पाय आपोआप थांबले. वाटाण्याची झणझणीत तर्री, वर मूठभर शेव, जोडीला पाव. हा पदार्थ मराठी की गुजराती, यावर पन्नास वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी पैज लावली होती. ती अजून सुटलेली नाही. वहिनींना मात्र हे कळता कामा नये, असे मित्राने बजावले.

दांडिया बाजारात आमची जुनी खोली शोधली. घर पडून तेथे दुकाने झाली आहेत. जिन्याची जागा तेवढी ओळखू आली. त्या जिन्याच्या तोंडाशी घरमालकीणबाईंनी आम्हांला दोनच प्रश्न विचारले होते : आडनाव काय, आणि मूळ गाव कोणते. उत्तर ऐकताच किल्ली हातावर ठेवली. अनामत रक्कमही घेतली नाही. ही गोष्ट आम्ही पुढे कित्येकांना बाईंच्या मायाळूपणाचा नमुना म्हणून सांगितली आहे.

उन्हे उतरल्यावर कमाटी बागेत गेलो. १८७९ सालची ही सयाजीरावांची बाग. फुलांचे घड्याळ, पोरांनी भरलेली छोटी आगगाडी, पुलाखालून जाणारी विश्वामित्री. बाकावर बसून शेंगा सोलता सोलता मित्र म्हणाला, "चल, तुला वड दाखवतो."

त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. २३ सप्टेंबरला तेथे मोठा समुदाय लोटतो. १९१३ साली सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस धाडले. तेथून विद्वान होऊन १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद टाकीत. राहण्यास खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांकडे ते गेले. एकाने नोकर निघून जातील ही अडचण सांगितली. दुसऱ्याने पत्नीस विचारून सांगतो म्हटले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास त्यांनी या बागेत काढले. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

आम्ही चार वर्षे या बागेत अभ्यास केला, गप्पा मारल्या, परीक्षा बुडविल्या. धनंजय कीरांचे मराठी चरित्र १९६६ मध्येच निघाले होते. ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. आम्ही ते उघडले नव्हते, इतकेच. आणि जिन्यापाशी विचारलेले ते दोन प्रश्न त्या वडाखाली प्रथमच आमच्या कानांत वेगळे वाजले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मित्र म्हणाला, "माझे आजोबा त्या साली दरबारच्या कचेरीत कारकून होते."

"मग त्यांना हे कळले असेलच."

"कळले असणारच. आजोबा महाराजांच्या खूप गोष्टी सांगत. दसऱ्याचा हत्ती, राजवाड्यातील गाणे, सगळे. ही गोष्ट मात्र आमच्या घरात कधी निघाली नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "ते दारात आले असते तर आजोबांनी काय सांगितले असते, ते मला ठाऊक आहे. नातवाला हे एकदा सांगायला हवे. कोणत्या भाषेत सांगावे हा प्रश्न आहे."

"तुमच्याच भाषेत सांग, चोपडीच्या," आम्ही म्हणालो. तो हसला, पण फारसा नाही.

घरी पोहोचलो तेव्हा सात वाजले होते. गाडीला पाच तास होते. वहिनींनी थालीपीठ लावले होते आणि बाहेरच्या खोलीत, त्या रेघेखाली, गादी घालून ठेवली होती. "जेवून घटकाभर पडा भाऊजी," त्या म्हणाल्या, "अकराला मी उठवते."