एम्मा गोल्डमन हिचा गुन्हा कोणता?

एखाद्याचे मत राज्यकर्त्यांस नकोसे झाले, म्हणजे त्याचे खंडन करावे. ते न साधल्यास, कायद्याने सांगितलेला अपराध त्याच्या हातून घडला असेल तर उघड न्यायालयात खटला चालवावा. येथवर कोणाही कायदेपंडिताची तक्रार नाही. परंतु ह्याखेरीज एक आडवाट आहे. ती ही की, हा मनुष्य आमचा नव्हेच असे कागदोपत्री ठरवून त्यास जहाजावर बसवून द्यावे. अमेरिकेच्या सरकारने १९१९ साली एम्मा गोल्डमन ह्या बाईच्या बाबतीत ह्या आडवाटेचा आश्रय केला. तिच्या चरित्रातील हाच भाग आम्हांस सर्वांत अधिक विचारार्ह वाटतो, आणि तिचे चाहते व निंदक दोघेही नेमके त्याकडेच कमी लक्ष देतात.

एम्मा १८६९ साली रशियन साम्राज्यातील कोव्हनो गावी एका यहुदी कुटुंबात जन्मली. १८८५ च्या अखेरीस, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती बहिणीसह अमेरिकेस आली व रॉचेस्टर शहरी कपड्यांच्या कारखान्यात दररोज साडेदहा तास राबून आठवड्यास अडीच डॉलर मिळवू लागली. पुढल्याच वर्षी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला. तो कोणी टाकला हे अद्यापि सिद्ध झालेले नाही. तथापि १८८७ च्या नोव्हेंबरात चार अराजकवाद्यांस फाशी देण्यात आले. त्या फाशीने ह्या शिवणकाम करणाऱ्या पोरीच्या आयुष्याची दिशा कायमची फिरली.

‘अराजक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लुटालूट व बेबंदशाही उभी राहते. तिच्या पंथाचे म्हणणे निराळे होते: दंडसत्तेवाचून, परस्परांच्या राजीखुशीने समाज चालू शकेल. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. राष्ट्र हवे, राज्य हवे आणि ते आपले हवे, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही आहोत. शिवाय तिच्या हातावर एक डाग आहे, तोही येथेच सांगून टाकतो. १८९२ साली पोलादाच्या कारखान्यातील संपाच्या वेळी तिचा सोबती अलेक्झांडर बर्कमन ह्याने कारखानदार हेन्री फ्रिक ह्यावर गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला, बर्कमनने चौदा वर्षे तुरुंगात काढली. त्या बेतात आपण सामील होतो हे एम्माने १९३१ साली आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले. ते कृत्य निंद्य होते, आणि त्यावर पांघरूण घालणे म्हणजे खुद्द तिच्याहूनही कमी प्रामाणिक होणे होय.

परंतु मौज अशी की, ह्या कृत्याबद्दल तिच्यावर कधीच खटला झाला नाही. अध्यक्ष मॅकिन्ले ह्यांच्या १९०१ मधील खुनानंतर तीस पकडले खरे, पण पुरावा नाही म्हणून सोडून द्यावे लागले. तीस शिक्षा झाल्या त्या जिभेबद्दल. १८९३ साली न्यूयॉर्कच्या बेकारांपुढे भाषण केले म्हणून एक वर्षाची शिक्षा झाली; त्या तुरुंगातच ती रुग्णपरिचर्या शिकली. पुढे १८९५ साली व्हिएन्नास जाऊन तिने सुईणीचे शिक्षण घेतले, आणि गरिबांच्या चाळींतून नको असलेल्या बाळंतपणांनी खचलेल्या स्त्रिया पाहिल्या. १९१६ साली तिने संततिनियमनाचे उपाय व्यासपीठावरून उघड सांगितले, तेव्हा न्यायाधीशाने शंभर डॉलर दंड किंवा पंधरा दिवस कैद असा पर्याय दिला. तिने कैद पत्करली. देण्याघेण्याचा हिशेब रोज करणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस हा सौदा आतबट्ट्याचा वाटेल. पण दंड भरणे म्हणजे अपराधाची पावती घेणे, आणि ती घेण्यास ही बाई तयार नव्हती. १९१७ साली सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध चळवळ केल्याबद्दल तीस दोन वर्षे कैद व दहा हजार डॉलर दंड झाला. १९१८ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. ती तिने भोगली. येथे कायद्याचे देणे फिटले, असे कोणीही म्हणेल.

सरकारने तसे म्हटले नाही. एम्माचे नागरिकत्व तिचे स्वतःचे नव्हतेच. १८५५ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेली परकी स्त्री आपोआप नागरिक होई. १८८७ साली तिने जेकब कर्शनर नावाच्या कामगाराशी लग्न केले होते. ते फार काळ टिकले नाही. १९०९ साली, म्हणजे संसार मोडून कितीतरी वर्षे लोटल्यावर, सरकारने कर्शनरची जुनी कागदपत्रे उकरून काढली. नागरिक होताना त्याचे वय व वास्तव्याची मुदत कायद्यास पुरेशी नव्हती, असे दाखवून त्याचे नागरिकत्व रद्द करविले. बाण नवऱ्यावर सोडला, पण नेम बायकोवर होता. तिला त्या दाव्यात पक्षकारही केले नव्हते! जिचे सर्वस्व जाणार तिला नोटीस नाही, तिचे म्हणणे ऐकणे नाही. ह्याला न्याय म्हणावयाचे तर कोर्टांची पायरी कशास ठेवावी? मनुस्मृतीतील स्त्रीच्या पारतंत्र्यावर आसूड ओढणाऱ्या पाश्चात्त्य लेखकांनी आपल्या घरचा हा कायदा एकदा वाचावा. १९०७ साली तर ह्याच देशाने, परक्याशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावते असेही ठरविले होते.

ह्या उकरलेल्या कागदांचे फळ दहा वर्षांनी आले. एडगर हूव्हर नामक चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने तिचे प्रकरण हिरिरीने चालविले, आणि २१ डिसेंबर १९१९ रोजी ‘ब्यूफोर्ड’ जहाजातून २४९ माणसांस रशियाकडे पाठविण्यात आले. चौतीस वर्षे ज्या देशात काढली, त्याचा निरोप तिने असा घेतला.

रशियात तिची फार आशा होती. ती दोन वर्षांत मावळली. मतभेद करणाऱ्यांची तुरुंगात रवानगी होते हे तिने पाहिले, लेनिनपाशी त्याबद्दल बोलली, आणि १९२१ च्या मार्चात क्रोन्श्टाटच्या खलाशांचे बंड चिरडले गेल्यावर त्याच वर्षाअखेर देश सोडला. आपल्याच पक्षाचे राज्य आले म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांची आजही वाण नाही; तिने डोळे उघडे ठेवून लिहिले व जुन्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. आमच्या मते तिचे खरे मोठेपण येथे दिसते.

पुढे ती बिनदेशाची झाली. १९२५ साली तिने जेम्स कोल्टन ह्या वेल्समधील खाणकामगाराशी केवळ कागदापुरते लग्न केले व ब्रिटिश नागरिकत्व मिळविले. विवाहसंस्थेवर जन्मभर टीका करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व एका नवऱ्याने गेले आणि दुसऱ्याने आले. ह्यात तिची विसंगती पाहणाऱ्यांनी आधी कायद्याचे हे अजब तर्कशास्त्र पाहावे.

१९२२ साली अमेरिकेने पत्नीचे नागरिकत्व पतीपासून बहुतांशी वेगळे केले. १९६७ साली अफ्रॉयम खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नागरिकाच्या संमतीवाचून त्याचे नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार कायदेमंडळास नाही असा निर्णय दिला. पण नागरिकत्व मिळविताना खोटेपणा झाला असे ठरवून ते रद्द करण्याचे दार अमेरिकेत व इतरत्र अद्यापि उघडे आहे. त्या दाराचा उपयोग कोणावर व कोणत्या हेतूने होतो, हे प्रत्येक प्रकरणी विचारले पाहिजे. एखाद्याचे जुने दप्तर त्याच्या भाषणानंतरच का उघडले जाते, हेही विचारले पाहिजे.

१९३४ साली तीस नव्वद दिवसांपुरते अमेरिकेत येऊ दिले, पुढे नाही. १९४० च्या मे महिन्यात ती टोरांटो येथे मरण पावली. तेव्हा मात्र सरकारने तिचे प्रेत आत येऊ दिले, आणि शिकागोजवळच्या वाल्डहाइम दफनभूमीत, हेमार्केटच्या फाशी गेलेल्यांच्या शेजारी, तीस पुरण्यात आले.