शोभेचे इंजिन आणि पेटते इंजिन

'जतन करणे' या शब्दाचा आपण फार सैल अर्थ लावतो, असे मला वाटते. एखादे जुने वाफेचे इंजिन चौथऱ्यावर चढवायचे, त्याला काळा-तांबडा रंग फासायचा, भोवती साखळी लावायची आणि खाली पाटी ठोकायची, की झाले जतन! लोखंड राहते हे खरे. परंतु इंजिन म्हणजे नुसते लोखंड नव्हे. कोळसा, पाणी, हवा आणि माणसाचा हात ही चार एकत्र आली म्हणजे इंजिन होते. चौथऱ्यावरच्या इंजिनात यांपैकी एकही नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की जे पेटवता येत नाही ते इंजिन जतन झाले असे म्हणू नये. आणि मोठे पेटवणे परवडत नसेल तर लहान, परंतु खरोखर कोळशावर चालणारे इंजिन करावे.

मी सौंसरचा. आपल्यापैकी पुष्कळांना हे गाव नकाशावर शोधावे लागेल. ते मध्य प्रदेशात, नागपूरच्या उत्तरेला आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. कचेरीची भाषा हिंदी आणि चुलीजवळची मराठी. या अंकात मराठी आणि कन्नड पाने जशी शेजारी नांदतात, तसेच काहीसे आमच्याकडे आहे. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज गाडी सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी ठेशने घेत सातपुडा चढे. इकडच्या मंडळींना कुर्डुवाडी-मिरजेची बार्शी लाइट रेल्वे ठाऊक असेल. तिचीही रुंदी नेमकी हीच होती. आमची नॅरोगेज २०१५ साली बंद झाली आणि त्या जागी ब्रॉडगेज आली. याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. आजारी माणसाला नागपूर लवकर गाठता येते, संत्र्याची पेटी लवकर पोहोचते. गावाला आणखी काय हवे?

पण गाडी जाणे वेगळे आणि विद्या जाणे वेगळे. वाफेची इंजिने तर रूळ निघण्याच्या पुष्कळ आधीच गेली होती; त्यांची जागा डिझेलने घेतली होती. वाफेच्या काळात ज्यांनी हाती फावडे धरले ते फायरमन आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. घाट लागण्याआधी आग कशी मांडावी, पाणी काचेत कुठवर असावे, राख किती धरू द्यावी, धुराचा रंग पाहून आत काय चालले आहे ते कसे ओळखावे, हे त्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही, कारण ते डोळ्यांचे, कानांचे आणि मनगटाचे आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय सुरू झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याने यंत्र वाचवले. फायरमन वाचवण्याची सोय मात्र कुठल्याच संग्रहालयात नसते. आणखी दहा वर्षांनी हे विचारायला कोणी उरणार नाही, हा माझ्या घाईचा खरा मुद्दा आहे.

इंग्लंडमध्ये यावर एक जुना उपाय आहे. तिकडे घरामागच्या बागेत किंवा मंडळाच्या मैदानात लहान रूळ घालतात आणि त्यावर कोळशाची खरी वाफेची इंजिने चालवतात. साडेतीन इंच, पाच इंच, सव्वासात इंच अशा त्या रुळांच्या ठरलेल्या रुंद्या आहेत. 'मॉडेल इंजिनिअर' हे त्या छंदाचे नियतकालिक १८९८ पासूनचे. १९२० नंतरच्या दशकात 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स नावाच्या गृहस्थाने अवघ्या अडीच इंची रुळावरचे कोळशाचे इंजिन मोठी माणसे ओढू शकते हे दाखवून दिले, तेव्हा स्पिरिटच्या दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्यांशी त्याचा मोठा वाद झाला. एड्रियन शूटर या रेल्वे अधिकाऱ्याने तर त्याही पुढे जाऊन दार्जिलिंगच्या रेल्वेचे १८८९ चे पूर्ण आकाराचे इंजिन मिळवले आणि ऑक्सफर्डशायरमधील आपल्या घराभोवती दोन फुटी रूळ घालून ते चालवले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. एवढी हौस आपल्याला झेपणारी नाही. पण पाच इंच झेपेल.

येथे एक गंमतीचा योगायोग आहे. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. ७६२ ला १२७ ने भागा. उत्तर बरोबर सहा येते. म्हणजे सौंसरचे काय किंवा बार्शीचे काय, कोणतेही इंजिन पाच इंची रुळावर आणले की ते नेमके एकषष्ठांश होते. लांबी एकषष्ठांश, पृष्ठभाग छत्तिसावा हिस्सा आणि वजन दोनशे सोळावा हिस्सा. मूळ इंजिन ३० टनांचे धरले तर प्रतिकृती सुमारे १४० किलोची होईल. चार विद्यार्थी उचलतील आणि सात-आठजण तिच्यामागे बसून फिरतील.

परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथेच थांबून विचार करावा. लोखंड एकषष्ठांश होते. पाणी, हवा आणि कोळसा मात्र प्रमाण जाणत नाहीत. पाणी त्याच तापमानाला उकळते, कोळशाला जळायला तेवढीच हवा लागते. आकारमान पृष्ठभागापेक्षा झपाट्याने घटत असल्यामुळे लहान आगीची ऊब लवकर पळते. मोठ्या इंजिनात फायरमनला काही मिनिटांची उसंत मिळे. लहान इंजिनात एक-दोन मिनिटे दुर्लक्ष केले की दाबाचा काटा खाली येतो. म्हणजे लहान इंजिन हे सोपे इंजिन नव्हे, ते अधिक कडक गुरुजी आहे.

त्याची रचना समजायला परदेशी पुस्तक उघडण्याची गरज नाही. घरचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, तिच्यात निखारे, भोवती पाणी, वर धूर जाण्याची वाट. लहान इंजिनाचा बॉयलरही तांब्याचाच करतात. बंबाचे तोंड उघडे असते, वाफ निघून जाते. बॉयलरमध्ये ती कोंडली जाते आणि चौरस इंचाला ८० ते १०० पौंडांपर्यंत दाब चढतो. थंड इंजिन पेटवताना धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून हवा ओढतात, रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा पेटवतात आणि त्यावर घेवड्याच्या दाण्याएवढा दगडी कोळसा हळूहळू पसरतात. अर्ध्या तासाच्या आत वाफ तयार होते. पुढची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. सिलिंडरमधून काम करून आलेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि जाताना आगीतून हवा ओढून घेते. चढ लागला की फेक जोराची, हवा अधिक, आग तेज. लोहाराचा भाता दुसऱ्याला ओढावा लागतो. हे यंत्र आपला भाता आपणच ओढते. वर्गात फळ्यावर हे सांगून समजते. फायरबॉक्सचे दार उघडून पाहिले की पटते.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप, हा राजेरजवाड्यांचा खेळ आहे. इतिहास पाहिला तर हे अगदीच खोटे नाही. बडोद्याच्या गायकवाडांनी राजवाड्याच्या आवारात मुलांसाठी वाफेची छोटी गाडी ठेवली होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी प्रसिद्धच आहे. ती अर्थात विजेची. परंतु तो लॉरेन्स पायाने फिरवायच्या लेथवर काम करणाऱ्या साध्या माणसांसाठीच लिहीत असे, आणि 'टिच' नावाचे साडेतीन इंची इंजिन त्याने नवशिक्यांसाठीच रेखाटले. आपल्याकडे तर अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआय यांच्या कार्यशाळांत लेथ उभे आहेत. त्यांवर वर्षानुवर्षे मुले तेच ते तुकडे कातून परीक्षेनंतर भंगारात टाकतात. तोच तुकडा इंजिनाचा दट्ट्या असेल तर?

दुसरा आक्षेप धुराचा. कोळशाविरुद्ध सारे जग बोलत असताना तुम्ही कोळसा पेटवायला सांगता काय, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. आमच्या त्याच जुन्या नॅरोगेजच्या वाटेवर कोराडीचे वीज केंद्र आहे. ते दिवसाला हजारो टन कोळसा जाळते. पाच इंची इंजिनाला दिवसभरात काही किलो पुरतात. मला तर उलटेच वाटते. ज्याने स्वतःच्या हाताने कोळसा घातला, राख काढली आणि एवढ्याशा आगीतून किती थोडे काम निघते ते पाहिले, तोच विजेचे बटन दाबताना कोळशाचा हिशेब मनात धरील.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ साली नवा बॉयलर अधिनियम आला. त्यातही २५ लिटरपेक्षा लहान पात्र 'बॉयलर' या व्याख्येत येत नाही. आपले इंजिन त्याहून लहानच असणार. म्हणजे सरकारी निरीक्षक तपासायला येणार नाही. यात सवलत पाहू नये, जबाबदारी पाहावी. इंग्लंडमधील मंडळे आपापल्या सभासदांचे बॉयलर स्वतः तपासतात. नवा बॉयलर थंड पाण्याने भरून चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबावर धरतात, पुढच्या तपासण्यांत दीडपट, आणि शिवाय वाफेवर सेफ्टी वॉल्व्हची परीक्षा घेतात. दाखला नसेल तर इंजिन रुळावर येत नाही, मालक कितीही मोठा असो. आपल्याकडे हा धडा इंजिनापेक्षाही मोलाचा ठरेल. या भागातील कितीतरी विद्यार्थी उद्या साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी उभे राहणार आहेत. काचेतले पाणी दिसेनासे झाले तर काय करायचे, हे त्यांनी पाच लिटरवर शिकावे, पन्नास टनांवर नव्हे.

म्हणूनच इंजिन विकत घ्यायचे झाले तर रंगाला भुलू नये. पितळ चकाकते म्हणून घेणारे गिऱ्हाईक फसते. आधी बॉयलर कोणी, कधी केला आणि त्याचे दाखले कोठे आहेत ते विचारावे. दाबाची परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करून मागावी. पाणी घालण्याचे निदान दोन मार्ग चालू आहेत ना ते पाहावे. आणि शेवटी इंजिन थंडपासून पेटवून दाखवायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाला कसलीच अडचण नसते! पण माझा कल विकत घेण्यापेक्षा करण्याकडे आहे. तांबटाचा हात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. बंब आणि घागर घडवणाऱ्या त्या हाताला चांदीमिश्रित डाकाचे काम आणि दाबाची परीक्षा शिकवली, तर बॉयलरसाठी साता समुद्रापार जावे लागणार नाही.

कोळशाची अडचण मात्र खरी आहे. लहान इंजिनांचा लाडका कोळसा वेल्सचा. तेथील फोस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाली आणि तिकडच्या छांदिष्टांनाही चिंता पडली. आमच्या छिंदवाड्यात पेंच-कन्हानच्या खाणी आहेत, पण आपल्या कोळशात राख फार. लहान जाळीवर ती वितळून क्लिंकर धरते आणि हवा कोंडते. कोणता कोळसा निवडावा, कसा फोडावा, लाकडी कोळसा किती मिसळावा, जाळीच्या फटी केवढ्या ठेवाव्यात, हा रसायन आणि यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगा उत्तम प्रकल्प आहे. त्याचे उत्तर परदेशातून येणार नाही, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा आहे.

अलीकडे एक तिसराच प्रकार निघाला आहे. २०२३ साली अहमदाबाद ते एकतानगर अशी वारसा गाडी सुरू झाली; तिचे इंजिन बाहेरून वाफेचे दिसते, आत विजेचे आहे. प्रवाशांना ते आवडते, आणि आवडू द्यावे. पुण्याला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथील विजेच्या गाड्या रेल्वे कशी चालते ते फार सुंदर दाखवतात आणि आपण विजेवर आहोत हे लपवीत नाहीत. पण वाफेच्या नावाखाली देखावा दाखवला, तर पुढची पिढी देखाव्यालाच वाफ समजेल. चौथऱ्यावरचे इंजिन निदान गप्प असते. हे तर खोटे बोलते.

माझी सूचना लहानशी आहे. एखाद्या महाविद्यालयाने, आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडील असो की या सीमाभागातील, तीन वर्षांचा संकल्प सोडावा. पहिल्या वर्षी जवळपासच्या निवृत्त फायरमन आणि ड्रायव्हरांना शोधून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि आराखडे गोळा करावेत. दुसऱ्या वर्षी चाके, सांगाडा आणि सिलिंडर करावेत. तिसऱ्या वर्षी बॉयलर, त्याची परीक्षा आणि उचलून नेता येईल असा तीस-चाळीस मीटरचा रूळ. एका वर्गाने सुरू केलेले काम पुढच्या वर्गाने पुरे करायचे, हीही आपल्याकडे दुर्मीळ झालेली गोष्ट आहे. वर्गणी काढा, माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण खर्च करतोच. फक्त पहिले वर्ष पुढे ढकलू नका. लेथ पुढच्या वर्षीही तिथेच असेल, तांबे बाजारात मिळेल. सातपुड्याच्या चढावर ज्यांनी कोळसा घातला, त्या हातांची हमी कोणी देऊ शकत नाही.