पोटात दुखतंय? मग लग्न कर!

रविवारची सकाळ आणि कळंबा तलाव. आमच्या तिघींचा वॉकिंग ग्रुप. (वजन घटवणे हा उद्देश आणि नंतरची मिसळ हा मुख्य कार्यक्रम!) या वेळी ग्रुपमधली धाकटी गायब. फोन केला, तर म्हणाली, ‘‘ताई, आज नको. पाळीचा त्रास होतोय. उद्या ऑफिसलाही दांडी. बॉसला फूड पॉयझनिंग सांगितलंय.’’

मला हसू आलं नाही. हेच फूड पॉयझनिंग मलाही दर महिन्याला व्हायचं. सलग नऊ वर्षं!

कॉलेजात असताना ते दोन दिवस मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून असायची. आई म्हणायची, ‘‘बाईच्या जातीला सोसावंच लागतंय.’’ डॉक्टरांनी पेनकिलर दिली, वर सल्ला फुकट : ‘‘लग्न होऊन एक मूल झालं, की आपोआप थांबेल.’’ सोनोग्राफी नॉर्मल. म्हणजे मीच नाटकी!

मग नोकरी लागली. एकदा ऐन प्रेझेंटेशनमध्ये घेरी येऊन खाली बसले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, ‘‘संडासला जाताना दुखतं का? पाळी नसतानाही दुखतं का?’’ त्यानंतर माझ्या दुखण्याला नाव मिळालं. एन्डोमेट्रिऑसिस.

नाव जड आहे, पण भानगड समजायला सोपी. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयाजवळ वाढतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटू लागतात. साध्या सोनोग्राफीत हे दिसेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने, मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. कायमचा इलाज अजून नाही. पण पेनकिलर, हॉर्मोनच्या गोळ्या आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून ऑपरेशन, यांनी त्रास आटोक्यात येतो.

आणि लग्नाचा सल्ला? ‘एश्रे’ या युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की केवळ हा आजार बरा व्हावा म्हणून कुणालाही गरोदर राहायला सांगू नका. निदानासाठी दर वेळी दुर्बीण घालायलाच हवी असंही नाही. लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात.

आपल्याकडचा दुसरा लाडका सल्ला : ‘पिशवीच काढून टाका.’ २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं अनेक, बुडणारी मजुरीही त्यातच आली. पण एन्डोमेट्रिऑसिस असतो गर्भाशयाबाहेर. त्यामुळे नुसती पिशवी काढूनही दुखणं मागे उरू शकतं.

तेव्हा मैत्रिणींनो, कॉलेज किंवा ऑफिस बुडवायला लावणारं दुखणं ‘नॉर्मल’ नाही. कधी, कुठे, किती दुखलं, कोणती गोळी घेतली, हे तीन महिने डायरीत लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. आणि मित्रांनो, तुमच्या टीममधल्या मुलीने सुटी मागितली, तर भुवया उंचावू नका.

आमच्या धाकटीची गुरुवारी अपॉइंटमेंट आहे. मीही बरोबर जाणार आहे. काल विचारत होती, ‘‘हाफ डेच्या अर्जात कारण काय लिहू?’’

म्हटलं, ‘‘खरं ते लिही. स्पेलिंग मी सांगते!’’