काकांची पोतडी : आवाजाला आवाजाचा उतारा

काय दोस्तांनो, सहामाही संपून हुश्श केलंत ना? छान. या आठवड्यात पोतडीत हात घातला आणि पहिलंच पत्र निघालं ते सातवीतल्या एका मैत्रिणीचं. तिचं नाव सांगत नाही, कारण तिला आईला चकित करायचंय आणि तिची आईही हे पान वाचते! आता वाचता वाचता आईंनी ओळखलंच, तर काकांचा नाइलाज आहे.

ती लिहिते, ‘काका, माझ्या आईच्या ऑफिसात एका मोठ्या हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात. मध्ये भिंतीच नाहीत. एसी घरघरतो, फोन वाजतात, खिडकीखाली बसचा थांबा आहे. आई संध्याकाळी घरी येते ती डोकं धरूनच. आम्ही काही सांगायला गेलो की म्हणते, जरा वेळ कुणी बोलू नका रे माझ्याशी. दादाने आणि मी खाऊचे पैसे आणि दिवाळीची ओवाळणी साठवून चार हजार रुपये जमवलेत. त्यात आईला आवाज बंद करणारे वायरलेस हेडफोन घ्यायचे आहेत. कुठले घेऊ?’

पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. चार हजार रुपये म्हणजे किती भेळ, किती आइस्क्रीम, किती क्रिकेटचे बॉल! एवढं सगळं सोडून जमवलेले पैसे वाया जाता कामा नयेत. म्हणून ‘अमुक कंपनीचे घे’ असं एका ओळीत उत्तर देत नाही. आधी एक उलटा प्रश्न विचारतो. आईला कुठला आवाज नकोय?

हसू नका. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, आणि त्याची किंमत मोजली. आमच्याही ऑफिसात असाच कलकलाट. मी चांगले महागातले हेडफोन आणले, ऐटीत कानावर चढवले, बटण दाबलं आणि काय सांगू! एसीची घरघर गेली, पंख्याची भणभण गेली. वाटलं, वा! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून स्वच्छ ऐकू आलं, ‘अगं, भाजीत मीठ घालायला विसरलीस का आज?’ आमचे शेजारी घरी फोनवर बोलत होते. इतके दिवस त्यांचा निम्मा आवाज एसीच्या घरघरीत बुडून जायचा. आता एसी गप्प आणि शेजारी स्पष्ट!

माझे हेडफोन बिघडलेले नव्हते. ते त्यांचं काम चोख करत होते. मला त्यांचं काम काय ते ठाऊक नव्हतं, एवढंच. ते आता तुम्हाला सांगतो.

आवाज म्हणजे हवेची लाट, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. हवा दाबली जाते, मग विरळ होते, पुन्हा दाबली जाते. आता एक झोपाळा डोळ्यांसमोर आणा. एक मुलगा झोपाळ्याला पुढे ढकलतोय. त्याच क्षणी, तेवढाच जोर लावून, दुसऱ्याने तो मागे ढकलला तर? झोपाळा जागच्या जागी राहील. हेडफोनमध्ये हेच चालतं. वाटीच्या बाहेर आणि आत इवलेसे मायक्रोफोन असतात. ते बाहेरची लाट टिपतात. आतली चिप बरोबर उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. बाहेरची लाट हवा दाबते तेव्हा ही विरळ करते. दोन्ही मिळून जवळजवळ शून्य. काट्याने काटा काढतात ना, तसा आवाजाने आवाज काढायचा. याला इंग्रजीत ‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ म्हणतात. जाहिरातीत त्याचं ‘एएनसी’ होतं.

पण झोपाळ्याची वेळ चुकली तर? मागे ढकलायच्या ऐवजी तुम्ही त्याला पुढेच ढकलाल आणि तो आणखी उंच जाईल! सगळी मेख इथेच आहे. सेकंदाला १०० वेळा कंप पावणारी घरघर घ्या. तिची लाट दर २०० व्या भाग सेकंदाला उलटते. चिपला हा वेळ भरपूर झाला. शिवाय घरघर एकसुरी असते, पुढे काय येणार ते ठरलेलं. उलट ‘स’ किंवा ‘श’ म्हणताना निघणारा आवाज सेकंदाला ४००० वेळा आणि त्याहूनही जास्त कंप पावतो. तिथे लाट उलटायला एका सेकंदाचा ८००० वा भाग. एवढ्याशा वेळात अगदी जराशी गफलत झाली तरी खेळ फसतो. म्हणून एएनसीची खरी मर्दुमकी खालच्या, जाड आवाजांवर. साधारण १००० हर्ट्झच्या वर तिचा जोर ओसरत जातो.

मग वरचे, बारीक आवाज कोण अडवतं? हेडफोनची गादी! हो, कानाभोवती बसणारी ती फोमची साधी गादी. यासाठी एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू असताना फोडणी पडली की दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाका. फोडणीचा ‘चर्र’ एकदम मंद होतो, पंख्याचं ‘घूं’ मात्र बरंचसं तसंच राहतं. बारीक आवाज झाकणाने अडतात, जाडे आवाज आरपार येतात. म्हणजे ‘चर्र’ गादीकडे आणि ‘घूं’ चिपकडे, अशी कामाची वाटणी आहे.

आणि माणसाचं बोलणं? ते नेमकं मधलं. टेलिफोनवरून आपलं बोलणं पोचवायला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, हे ठाऊक आहे का? या पट्ट्याच्या बऱ्याच भागात चिपचा जोर कमी झालेला असतो आणि गादीचा पुरता लागलेला नसतो. म्हणून शेजारच्यांची भाजी अळणी झाल्याचं मला कळलं! चांगल्या हेडफोनमध्ये बोलणं पुष्कळ मंद होतं, पण नाहीसं होत नाही.

ही युक्ती काही कालची नाही बरं का. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाने ती १९३३ मध्ये कागदावर मांडली आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंटही मिळालं. पण एवढ्या चपळाईने लाट उलटवणारी यंत्रं तेव्हा होती कुठे? पुढची गोष्ट अमर बोस यांची. आडनावावरून ओळखलंत ना? त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक. इंग्रजांच्या तावडीतून निसटून ते अमेरिकेत गेले. तिथे १९२९ मध्ये अमर जन्मले. तुमच्याएवढे असताना ते रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावायचे. पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला विमानाने जाताना त्यांनी विमानातले हेडफोन लावले, तर इंजिनाच्या आवाजात संगीत ऐकूच येईना. दुसरा कुणी चिडून झोपून गेला असता. हे गृहस्थ कागद घेऊन आकडेमोड करत बसले! मग त्यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे हेडसेट कधी बाजारात आले? १९८९ मध्ये. आकडेमोड एका प्रवासात, वस्तू व्हायला अकरा वर्षं. मधल्या काळात, १९८६ मध्ये, ‘व्हॉयेजर’ विमानाने कुठेही न थांबता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यातल्या दोघा वैमानिकांच्या कानांवर याच हेडसेटचे नमुने होते. तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशांच्या कानांवर ते यायला २००० साल उजाडलं.

बघा हं, ही वस्तू विमानासाठी जन्मली. विमानात एकसुरी ‘घूं’ असतो, ऑफिसात चाळीस तोंडं. हे लक्षात ठेवलंत की जाहिरात वाचताना फसणार नाही.

आणि जाहिराती फसव्या असतातच. डब्यावर ‘ईएनसी’ असं लिहिलेलं पुष्कळदा दिसेल. घाईत तुम्ही ते एएनसी म्हणून वाचाल. तिथेच घोळ! ईएनसी म्हणजे फोनवर बोलताना तुमच्या मायक्रोफोनमधला आसपासचा गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानाला त्यातून जराही शांतता मिळत नाही. आईला ऑफिसात सतत फोनवर बोलावं लागत असेल तर तेही हवंच, पण ती वेगळी गोष्ट आहे.

दुसरं, ‘५० डेसिबलपर्यंत आवाज कमी’. या वाक्यातला ‘पर्यंत’ हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. कुठल्यातरी एका सोयीच्या जाड सुरावर तेवढी घट मिळाली की कंपनी ती छापायला मोकळी. सगळ्या आवाजांवर ती मिळते असं कुणी म्हटलेलंच नसतं.

मग पाहायचं काय? सगळ्यात आधी आईचा चष्मा! खरंच सांगतो. चष्म्याच्या काड्या गादीखाली जातात, तिथे बारीकशी फट राहते आणि त्या फटीतून नेमका तो जाडा ‘घूं’ आत शिरतो. हजारो रुपयांची चिप आणि तिला हरवणारी चष्म्याची काडी! गादी जाड आणि मऊ असेल तर काडीभोवती नीट बसते. नाहीतर कानात घालायचे, रबरी टोप्यांचे छोटे इअरबड घ्यावेत, त्यांना चष्म्याची बाधा नाही. पण इअरबडची बॅटरी एकदमच्या वापरात साधारण पाच ते आठ तास चालते, कानावरच्या मोठ्या हेडफोनची वीस-तीस तास सहज. आणि काहींना दिवसभर कानात बोंडं घालून बसवत नाही.

वजनही बघा. अडीचशे ग्रॅम म्हणजे आपल्याला काही वाटत नाही, पण तेच तासन्तास डोक्यावर असलं की मान बोलते. आपल्याकडच्या दमट हवेत कानाभोवती घाम येतो आणि नकली चामड्याच्या गादीचे दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात, तेव्हा गादी बदलून मिळते का ते दुकानदाराला विचारा. काही लोकांना एएनसी चालू केल्यावर कान दडपल्यासारखे वाटतात. हे कागदावर कळत नाही, लावूनच कळतं. बाकी ब्लूटूथची आवृत्ती, रंग, पट्ट्याची घडी यात फार वेळ घालवू नका. एकाच वेळी फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीला जोडता आले तर मात्र बरं.

आता जरा गंभीर बोलतो. गोंगाटात साधे हेडफोन लावले की आपण काय करतो? गोंगाटावर मात करायला गाणं मोठं करतो. लोकलमध्ये बघा, शेजारच्याच्या कानातलं गाणं आपल्याला ऐकू येतं! आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की मोठ्यांनी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि मुलांनी ७५ डेसिबलला ४० तास, एवढंच ऐकावं. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. घरघर आधीच कापली गेली तर गाणं हळू आवाजातही पुरतं. एएनसीचा हा फायदा मला शांततेपेक्षाही मोठा वाटतो. पण घालून रस्ता ओलांडायचा नाही, रुळांजवळ जायचं नाही. गाडीचा जाडा आवाजच तर ही चिप आधी गिळते!

तर पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणी, आता तुझं उत्तर. आई एसीखाली किंवा खिडकीजवळ बसत असेल, तर तुमच्या चार हजारांत एएनसीचे कामापुरते हेडफोन मिळतील आणि तिचं डोकं हलकं व्हायला नक्की मदत होईल. पण तिच्या मागच्याच टेबलावर दिवसभर फोन चालू असतील, तर तेवढ्यात समाधान व्हायचं नाही. त्यापेक्षा आधी औषधांच्या दुकानातून फोमचे इअरप्लग आण. काही रुपयांत जोडी मिळते. बोटांनी चिमटून कानात घातले की फुगून बसतात आणि बोलण्याचा आवाजही चांगला अडवतात. तेवढ्यानं भागलं तर पैसे वाचले. आणि हेडफोनच घ्यायचे ठरले तर चकित करायचा बेत सोड. आईलाच दुकानात ने, चष्म्यासकट. नमुन्याचा जोड दहा मिनिटं तरी लावून बसू दे. दुकानातल्या एसीजवळ उभं राहून आधी बंद आणि मग चालू करून बघा, आणि दादाला समोर उभं करून बडबडायला सांगा. बदलून देण्याची मुदत किती दिवस ते बिलावर लिहून घ्या.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहून गेलीय. आईच्या खुर्चीच्या मागे काय आहे, एसी की टेलिफोन? ते विचार आणि लगेच कळव. पोस्टकार्डही चालेल.

तुमचा,
पोतडीवाला काका